नौपाड्यातले जुने घर, गंजलेली लाइन आणि ओली भिंत: काम कुठून सुरू करायचे?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या नौपाड्यात तळमजला अधिक एक मजला असे घर, १९७४ च्या सुमाराचे. विटांच्या भिंती, सगळी पाइपलाइन जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) आणि भिंतीत दडलेली. वरच्या बाथरूममध्ये नळाला धार नाही, सकाळचे पहिले पाणी तांबूस येते, बाथरूमच्या खालच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे आणि नहाणीतून (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीच्या भोकातून) गुडगुड आवाज होऊन वास येतो. एक प्लंबर सगळे फोडायला सांगतो, दुसरा म्हणतो फरशीच्या सांध्यांत केमिकल भरले की भागेल. वयस्कर आई-वडील घरातच राहतात. काय करावे?

तुम्ही लिहिलेली लक्षणे तीन निरनिराळ्या बिघाडांची आहेत आणि दोन्ही प्लंबर त्या तिन्हींना मिळून एकेकच इलाज सांगताहेत, तिथेच घोळ आहे. मंद धार आणि तांबूस पाणी हा पुरवठ्याच्या लाइनचा प्रश्न. गुडगुड आणि वास हा सांडपाण्याच्या लाइनचा, बहुधा व्हेंटचा, म्हणजे त्या लाइनला हवा देणाऱ्या पाइपचा. भिंतीची ओल या दोहोंपैकी कुठूनही येत असेल किंवा फरशीतून. ते अजून कुणी तपासलेलेच नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. भिंतीतली जीआय लाइन दुरुस्त करत बसू नका. ती आहे तिथे कायमची बंद करून सोडून द्या आणि नवी लाइन बाहेरून न्या. बाथरूमची फरशी मात्र पाणी तिथूनच मुरते आहे हे पक्के झाल्याशिवाय फोडू नका. तपासायला तीन-चार दिवस जातील, खर्च जवळपास शून्य, आणि त्यानंतर प्लंबरशी बोलताना तुम्हाला त्याच्या अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

आधी पुरवठ्याची तपासणी

तीन पारदर्शक बाटल्या घ्या. महापालिकेचे पाणी येते त्या वेळी एक बाटली खालच्या टाकीच्या बॉल कॉकपाशी भरा. दुसरी गच्चीवरच्या टाकीतून मगाने. तिसरी वरच्या बाथरूमच्या नळाची सकाळची अगदी पहिली धार. तिन्ही अर्धा तास स्थिर ठेवून पांढऱ्या कागदासमोर धरा. फक्त तिसरी तांबूस असेल आणि दोन बादल्या सोडल्यावर नळाचे पाणी निवळत असेल, तर गंज घरातल्या लाइनचाच. रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्यात तो सुटतो. दुसऱ्या बाटलीच्या तळाला गाळ बसला तर आधी टाकी धुवा. पहिलीच तांबूस असेल तर मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन गंजली आहे किंवा पाणीच तसे येते आहे, ते शेजारी विचारून कळेल. पाणीपुरवठा बंद ठेवला असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ही चाचणी करू नका. लाइन पुन्हा भरताना पहिले पाणी गढूळ येतेच.

आता धार. नळ पूर्ण उघडून त्याचे तोंड बोटाने दाबून धरा. बोटाला दाब चांगला जाणवतो, पण बोट काढल्यावर धार मरते, असे झाले तर पाइप आतून चोंदला आहे किंवा मध्ये एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. उभ्या पाण्याचा दाब फक्त टाकीच्या उंचीवर ठरतो, गंजाने तो कमी होत नाही. कमी होतो तो वाहता प्रवाह. बोटालाच दाब लागत नसेल तर टाकी पुरेशा उंचीवर नाही. हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा जेमतेम अडीच मीटर उंच असते, म्हणजे पाव किलो. तेवढ्यावर बादलीचा नळ उत्तम चालतो, पण हल्लीचे मोठे शॉवर आणि मिक्सर अर्धा ते एक किलो मागतात. म्हणून तळमजल्याच्या नळाशी तुलना करून वरच्या लाइनला दोष देऊ नका. खाली आणखी तीन मीटरचा दाब आयता मिळतो. १५ लिटरची बादली वरच्या नळाखाली पूर्ण उघडून भरा. साधारण दोन मिनिटांत भरत असेल तर लाइन ठीक. पाच-सहा मिनिटे लागत असतील तर चोंदली आहे.

लाइनला दोष देण्याआधी गच्चीवरचा पितळी गेट व्हॉल्व्ह बघा. जुन्या गेट व्हॉल्व्हमध्ये स्पिंडल फिरतो, चक्र उघडल्यासारखे वाटते, पण आतली पाती स्पिंडलपासून सुटून खालीच बसलेली असते. घरभर धार कमी होण्याचे हे फार साधे आणि फार वेळा नजरेतून सुटणारे कारण आहे.

तिसरी चाचणी गळतीची. रात्री झोपताना गच्चीची टाकी भरा, पंप बंद करा, दोन्ही फ्लशचे अँगल कॉक (टाकीला पाणी देणारे छोटे नळ) बंद करा आणि टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर खूण करा. फ्लशचे कॉक बंद करायचे कारण असे की सायफन गळत असला तरी टाकी उतरते आणि दोष भिंतीतल्या पाइपवर जातो. सायफन गळतो का ते वेगळे बघायचे असेल तर फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ टाका. अर्ध्या तासात, फ्लश न ओढता, भांड्यात निळे पाणी उतरले तर तो गळतो आहे. सकाळी टाकीची खूण बघा. १,००० लिटरच्या गोल टाकीत पाणी १ सेंटीमीटरने उतरले म्हणजे ९ ते १० लिटर गेले. रेषा हललीच नसेल तर पुरवठ्याची लाइन गळत नाही आणि भिंतीची ओल सांडपाण्याची किंवा फरशीची आहे. हे एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

मीटरपासून खालच्या टाकीपर्यंतची लाइन या चाचणीत येत नाही. तिच्यासाठी पाणी येण्याच्या वेळी टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटरचा काटा बघा. काटा फिरत राहिला तर जमिनीखाली गळती आहे. तसे असेल तर सगळ्यात आधी तेच काम करा, मग भले वरची धार अजून महिनाभर मंद राहो. जुन्या वस्त्यांत ही लाइन गटाराला खेटून, कधी गटारातूनच गेलेली असते. पाणी चालू असताना ती बाहेर गळते. पाणी बंद झाले की त्याच भोकातून गटाराचे पाणी आत येते. याच कारणाने महापालिकेच्या लाइनवर थेट पंप बसवायला मनाई आहे. पंप ओढतो तेव्हा ही घाण आणखी जोरात आत खेचली जाते. ही लाइन बदलायला महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो. नवी लाइन गटाराच्या वरून, वेगळ्या स्लीव्हमधून (बाहेरच्या संरक्षक पाइपमधून) काढून घ्या.

जीआयला ठिगळ का टिकत नाही

जीआय पाइपचे आयुष्य त्यावरच्या जस्ताच्या थरावर असते. डायने आटे पाडले की नेमक्या त्या जागी थर निघून जातो आणि पाइपची जाडीही जवळजवळ निम्मी होते. त्यामुळे गळती पहिल्यांदा दिसते ती सॉकेट आणि एल्बो या जोडांपाशी. आत गंजाच्या गाठी वाढत जातात. अर्धा इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) पाइपचा आतला व्यास साधारण १६ मिलिमीटर असतो. गंजाने तो ८ वर आला तर पाणी निम्मे येईल असे वाटते, प्रत्यक्षात साधारण सहावा हिस्सा येते. म्हणून वर्षानुवर्षे फरक जाणवत नाही आणि मग वर्ष-दोन वर्षांत धार एकदम गेल्यासारखी वाटते.

अशा लाइनवर एक एल्बो बदलायचा म्हणजे पाइप पान्याने जोर लावावा लागतो. तो पीळ भिंतीतल्या पुढच्या सांध्यापर्यंत जातो, तिथले गंजलेले आटे हलतात आणि काही आठवड्यांत तीन फुटांवर नवी ओल उमटते. प्लंबरने काम वाईट केले असे नसते. पाइपमध्ये पीळ सोसायची ताकदच उरलेली नसते. ॲसिड घालून लाइन साफ करून देतो असे कुणी म्हटले तर सरळ नाही म्हणा. गंज निघतो हे खरे, पण पातळ झालेल्या पाइपची भोके त्या गंजानेच बुजलेली असतात.

नवी लाइन: माप आणि मार्ग

गरम आणि थंड दोन्हींसाठी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) घ्या. थंड पाण्याला यूपीव्हीसी (फक्त थंड पाण्याचे प्लास्टिक) स्वस्त पडते आणि चालतेही, पण पाच वर्षांनी कुणीतरी गीझरची जोडणी त्याच लाइनवर करतो आणि सांधे ढिले पडतात. पीपीआर या वितळवून जोडायच्या प्लास्टिकचे सांधे उत्तम असतात, मात्र दुरुस्तीला प्रत्येक वेळी वेल्डिंगचे मशीन घेऊन येणारा माणूस शोधावा लागतो. सीपीव्हीसीचे सामान ठाण्यात कोणत्याही नाक्यावर मिळते आणि ते जोडणारा कारागीरही.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. अर्धा इंची जीआय काढून अर्धा इंची सीपीव्हीसी टाकू देऊ नका. सीपीव्हीसीचे माप बाहेरच्या व्यासावर ठरते. अर्धा इंची पाइपचा आतला व्यास जेमतेम १२-१२.५ मिलिमीटर असतो. म्हणजे नव्या जीआयच्या तुलनेत पाणी जवळजवळ निम्मे. गच्चीवरच्या टाकीच्या तुटपुंज्या दाबावर हे महागात पडते. टाकीपासून खाली येणारी मुख्य लाइन एक इंच, म्हणजे आत साधारण २३ मिलिमीटर. बाथरूम आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या फांद्या पाऊण इंच, आत साधारण १८. आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या नळाच्या तोंडाशी, हातभर. दोन बाथरूम आणि एक स्वयंपाकघर असलेल्या तुमच्यासारख्या घराला एक इंची १२ ते १५ मीटर, पाऊण इंची २५ ते ३० मीटर आणि अर्धा इंची ६ ते ८ मीटर धरून चला. पाइप ३ आणि ५ मीटरच्या लांबीत येतो, त्या हिशेबाने नग काढा.

मार्ग बाहेरून घेण्यामागे कारण आहे. तुमच्या घराच्या भिंती भार पेलणाऱ्या आहेत. अशा भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंची भिंतीत आडवी खाच म्हणजे फार तर दीड इंच, साडेचार इंची भिंतीत पाऊण इंच. पाऊण इंचात पाऊण इंची पाइप प्लास्टरखाली बसतच नाही. ग्राइंडर घेऊन कारागीर खिडकीच्या खालून लांबलचक आडवी खाच मारत निघाला तर काम थांबवा. उभी लाइन बाहेरच्या भिंतीवर क्लॅम्पने धरा, आणि नळाच्या उंचीवर भिंतीला आरपार भोक पाडून आत या. बाहेरच्या सीपीव्हीसीला उन्हाचा त्रास होतो, त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे फिकट दोन हात द्या. ऑइल पेंट नको, त्यातले थिनर प्लास्टिकला खाते. क्लॅम्प आडव्या लाइनला दर तीन फुटांवर, उभ्या लाइनला चार-पाच फुटांवर. क्लॅम्प आवळून टाकू नये, पाइप आत सरकायला हवा. १० मीटरची लाइन ३० अंशांच्या फरकाने २ सेंटीमीटरने लांब होते.

सांधा कसा करतात ते उभे राहून बघा, कारण सगळे आयुष्य त्यातच आहे. पाइप कटरने काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची कीस चाकूने काढायची, फडक्याने कोरडा करायचा. सॉल्व्हंटचा (सीपीव्हीसी चिकटवायच्या द्रवाचा) पातळ सलग हात आधी पाइपला, मग फिटिंगच्या आत. पाइप आत ढकलताना पाव वेढा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. लगेच सोडला तर तो थोडा मागे येतो आणि सांधा अर्धवट राहतो. सॉल्व्हंट भरमसाट घातले तर आत त्याची गोळी जमते आणि तोच नवा अडथळा होतो. डब्यातले सॉल्व्हंट जेलीसारखे घट्ट झाले असेल तर टाकून द्या, थिनर घालून पातळ करू देऊ नका. नळ बसतो तिथे पितळी आट्यांचेच फिटिंग हवे. प्लास्टिकच्या आट्यांत धातूचा नळ आवळला की काही महिन्यांनी फिटिंग उभे चिरते. आट्यांवर टेफलॉन टेप, सीपीव्हीसीवर सफेदा आणि सुतळी नको.

गीझरच्या तोंडाशी थेट सीपीव्हीसी लावू नका. मध्ये धातूचा निपल किंवा विणलेला स्टीलचा कनेक्शन पाइप घ्या. सीपीव्हीसी साधारण ९३ अंशांपर्यंत टिकते आणि थर्मोस्टॅट बिघडला तर गीझर त्याच्याही पुढे जातो. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात म्हणून तिथे प्लग मारून ठेवलेला अनेक घरांत दिसतो. तो आजच काढा. वाढलेला दाब बाहेर जायला त्या गीझरला दुसरी वाट नसते.

व्हॉल्व्हवर पैसे वाचवू नका. टाकीच्या तोंडाशी एक, प्रत्येक बाथरूमला एक, स्वयंपाकघराला एक, गीझरच्या इनलेटला एक, सगळे पाव वेढ्याचे बॉल व्हॉल्व्ह, आणि टाकीच्या व्हॉल्व्हनंतर एक युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा जोड). उद्या एक वॉशर बदलायचा तर आई-वडिलांना अख्ख्या घराचे पाणी बंद करून गच्चीवर चढायला लागू नये. टाकीचा आउटलेट तळापासून दोन-तीन इंच वर असू द्या, गाळ खाली राहील. तळाशी धुण्यासाठी वेगळा प्लग. आउटलेटच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक टी काढून पाऊण इंची पाइप टाकीच्या माथ्याच्या वर न्या, तोंड खाली वळवा आणि डासांची जाळी लावा. हा व्हेंट नसेल तर टाकी एकदा रिकामी झाली की लाइनमध्ये हवा अडकते आणि टाकी भरूनही वरच्या बाथरूमला पाणी येत नाही.

नवी लाइन तयार होईपर्यंत जुनी चालू ठेवा. सगळे जोडून झाल्यावर नळांच्या जागी प्लग लावा, २४ तास सांधे वाळू द्या, मग हातपंपाने ६ ते ७ किलो दाब देऊन दोन तास काटा बघा. तो स्थिर राहिला की टाकीची जोडणी अर्ध्या दिवसात फिरवता येते. बाथरूम एकेक करून घ्या, दोन्ही एकदम बंद ठेवू नका. मजुरीचा शेवटचा हप्ता या दाबाच्या चाचणीनंतर द्यायचा, असे आधीच बोलून ठेवा.

जीआय तोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा

हे जवळजवळ कुणीच सांगत नाही, म्हणून वेगळे लिहितो. त्या काळच्या घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय पाइपला क्लॅम्पने बांधलेली सर्रास सापडते. पाइप धातूचा आणि जमिनीत गेलेला, म्हणून तोच अर्थ. तुम्ही मधला तुकडा जरी प्लास्टिकचा केला तरी गीझर, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांचा अर्थ त्या क्षणी तुटतो. बाहेरून काही कळत नाही. पुढे कधी गीझरची कॉइल फुटली की ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. लाइन बदलण्याआधी मीटरच्या पेटीपासून अर्थची तार कुठे जाते ते शोधा, अंगणात स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. हे झाल्याशिवाय पाइपला पाना लावू देऊ नका.

भिंतीची ओल

ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. डाग जिथे दिसतो तिथेच पाणी उतरते असे समजू नका. स्लॅबमधून, कोब्यातून (फरशीखालच्या भरावातून) पाणी सरकत जाऊन वाट मिळेल तिथे बाहेर येते.

रात्रीच्या चाचणीत टाकी उतरली नसेल तर आता फरशी. नहाणीच्या तोंडात फडके गुंडाळलेला प्लग घट्ट बसवा आणि बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा. उंबरा तेवढा उंच नसेल तर दाराशी मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घाला. पाण्याच्या रेषेवर खूण करा. दोन-तीन मिलिमीटर उडून जातात, तेवढे सोडून द्या. पाणी त्याहून जास्त उतरले किंवा खालची रेघ ओलांडून ओल पुढे गेली, तर फरशीचे सांधे किंवा कडा गळताहेत. पाणी टिकले तर फरशी निर्दोष. मग दोन दिवस बाथरूम कोरडे ठेवा आणि नहाणीत थेट, आजूबाजूला न सांडता, पाच-सहा बादल्या ओता. आता ओल वाढली तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या, जाळीखालच्या भांड्यात) किंवा त्याच्या पुढच्या पाइपमध्ये आहे.

या वयाच्या घरात मला सर्वांत जास्त संशय येतो तो ट्रॅप आणि फरशी यांच्या मधल्या सांध्याचा. बिडाचा ट्रॅप गंजतो, भोवतीचे सिमेंट सुटते आणि केसाएवढ्या फटीतून रोजच्या आंघोळीचे पाणी ट्रॅपच्या बाहेरून खाली कोब्यात जाते. जाळी काढून टॉर्च मारून बघा. ट्रॅपच्या ओठाभोवती काळी रेघ दिसली आणि स्क्रू ड्रायव्हर तिथे सहज आत गेला, तर चोर सापडला. अशा वेळी फरशीच्या सांध्यांत इपॉक्सी भरून काहीही होणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्लंबरचा सल्ला फरशीच्या चाचणीत सांधेच दोषी ठरले तरच योग्य आहे. तेव्हा मात्र तो खरोखर स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे, जुने सिमेंट किमान ३ मिलिमीटर खोल खरवडून काढले असेल तर. खालून स्लॅबमध्ये पीयू (भेगा बुजवणाऱ्या रसायनाचे) इंजेक्शन मारून ओल थांबवण्याच्या मी विरुद्ध आहे. डाग जातो, पाणी वरच साठून राहते आणि स्लॅबच्या सळया गंजतात.

ट्रॅप दोषी ठरला तर त्याच्याभोवती दोन बाय दोन फूट फोडून तो बदलता येतो. पण कोबा ओलाचिंब निघाला, हातात घेतल्यावर पाणी सुटले, तर अर्धवट काम करू नका. सगळा कोबा काढा. पीव्हीसीचा ट्रॅप घ्या, ज्यात किमान ५० मिलिमीटर पाणी उभे राहते असा. स्लॅब साफ करून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन आडवे-उभे हात, भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. हे कोटिंग ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत वळवायचे. ते बाहेरच थांबवले तर जुनाच दोष नव्याने तयार होतो. मग ४८ तास पाणी भरून ठेवा, खालून बघा, आणि त्यानंतरच भराव आणि फरशी. फरशीला उतार फुटाला ४-५ मिलिमीटर. खालच्या भिंतीला रंग लगेच देऊ नका, वाळायला दोन-तीन महिने लागतात.

गुडगुड आणि वास

गुडगुड म्हणजे पाणी खाली जाताना पाइप हवा मागतो आहे आणि ती ट्रॅपमधून ओढून घेतो आहे. त्याने ट्रॅपमधले पाणी खेचले जाते आणि वासाला वाट मोकळी होते. कारण गच्चीवर शोधा. पावसासाठी पत्र्याची शेड घालताना व्हेंट पाइप आड येतो म्हणून कापून शेडखाली सोडलेला असतो, किंवा चक्क टोपण लावून बंद केलेला. नाहीतर त्यात कबुतराचे घरटे असते. व्हेंट शेडच्या वर दोन फूट काढा, वर जाळीची टोपी. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर तो उपटू नका, बिडाच्या पाइपचा सांधा फुटतो. बुंधा कापून मुळावर तणनाशक लावा, वाळल्यावर सांधा नवा करा. जुना व्हेंट किंवा पन्हाळीचा पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर त्यावर ग्राइंडर चालवू नका. पाणी मारून ओला करा आणि क्लॅम्प सोडून अख्खा उतरवा. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

क्वचित वापरातल्या बाथरूमला एवढाही खटाटोप लागत नाही. पंधरा दिवसांतून दोन मग पाणी नहाणीत ओतले तरी वास थांबतो. तुंबल्यावर ॲसिड ओतायची सवय मात्र सोडा, बिडाचे पाइप त्याने पातळ होतात. आणि ॲसिड ओतलेल्या जागी ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका. क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

खाली अंगणातले चेंबर उघडून बघा. चार इंची लाइनला मीटरला अडीच सेंटीमीटर उतार हवा. जुने चिनीमातीचे पाइप सांध्यांत उघडतात आणि झाडांची मुळे आत शिरतात. लाइनमध्ये घातलेल्या बांबूच्या पट्टीला केसासारखी मुळे लागून आली तर ती लाइन पीव्हीसीची करावी लागेल. पायऱ्यांमागे जुनी सेप्टिक टाकी असेल तर तिच्यात कुणालाही उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि असे काम माणसाकडून करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. महापालिकेची सक्शन गाडी मागवा.

ठाण्याच्या जुन्या भागात आणखी एक गोष्ट झाली आहे. काँक्रीटीकरणात रस्ते उंचावले आणि घरांचे जोते खाली राहिले. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की गटार भरते आणि शेवटच्या चेंबरमधून पाणी उलटे घरात येते, आधी तळमजल्याच्या नहाणीतून. तुमच्या शेवटच्या चेंबरचा तळ रस्त्याच्या गटाराच्या तळापेक्षा किती वर आहे ते टेपने मोजा. फरक वीतभरही नसेल तर शेवटच्या चेंबरमध्ये उलटे पाणी अडवणारी झडप बसवा, आणि ती बंद असताना घरातले सांडपाणी आतच साठणार हे लक्षात ठेवून त्या तास-दोन तासांत कपडे-आंघोळ टाळा. झडप मे अखेरीस आणि पावसाळ्यात दर महिन्याला उघडून हाताने हलवून बघा. रबराच्या कडेला काडी किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही.